इंजिन बांधल्यावर ठराविक आरपीएमला येणारी थरथर: वजन कुठे चुकतं आणि घरी ते कसं जुळवायचं

पिस्टन नवे, रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केलेला, बेअरिंग नवी. गाडी एका सेल्फमध्ये चालू होते, धूर नाही, ऑइल प्रेशर भरपूर. आयडलला इंजिन शांत. पण २,००० आरपीएमच्या पुढे गेलं की गिअरचा दांडा आणि डॅशबोर्ड थरथरायला लागतो आणि २,४००च्या आसपास पायाखालचा पत्रा गुणगुणतो. मिस्त्री फाउंडेशन रबर, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, बदलतो. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग थरथर परत येते, फक्त आता ती २,४००ऐवजी २,७००ला. मग क्लच बदलला जातो. शेवटी इंजिन पुन्हा उतरतं, सगळं उघडलं जातं, काहीच सापडत नाही, तसंच बांधलं जातं आणि थरथर तशीच राहते.

काही सापडत नाही, कारण शोध घासाघाशीचा आणि क्लिअरन्सचा चालू असतो. मायक्रोमीटर बाहेर निघतो, वजनकाटा निघत नाही. दुसऱ्यांदा बांधतानाही तेच भाग त्याच वजनांनी परत आत जातात.

खान्देशात या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा उन्हाळ्यात असतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४ अंशांच्या पुढे जातो. लोड घेऊन कन्नडचा घाट किंवा कोंडाईबारी चढताना रेडिएटर कमी पडला, तर एखादा पिस्टन जाम होतो, त्याला क्रँकशी जोडणारा रॉड वाकतो, बाकीचे तीन ठीक असतात. रावेर-यावलकडे केळीची गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून एकच पिस्टन नवा आणि एकच रॉड भंगारातला आणून इंजिन बांधून टाकतात. मॉडेल तेच, पार्ट नंबरही तोच, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण वेगळ्या लॉटचा रॉड आठ-दहा ग्रॅमनं जड असू शकतो आणि वेगळ्या कंपनीच्या पिस्टनची गजन पिन (पिस्टन रॉडला अडकवणारी पिन) पाच-सहा ग्रॅमनं.

दहा ग्रॅमनं काय होतं, ते आकड्यात बघा. बोलेरोच्या २,५२३ सीसी डिझेल इंजिनाचा स्ट्रोक १०१.६ मिमी आहे, म्हणजे क्रँकपिन, क्रँकवर रॉड बसतो ती जागा, मध्यापासून ५०.८ मिमीवर फिरते. त्या पिनवर एका सिलिंडरचं वजन ९ ग्रॅमनं जास्त असेल, तर १,५०० आरपीएमला क्रँकला बसणारा ओढा साधारण १.१ किलोचा. ३,०००ला तो साडेचार किलोच्या वर जातो आणि ४,०००ला आठ किलोच्या. आरपीएम दुप्पट झाले की धक्का चौपट होतो. आयडलला काहीच जाणवत नाही, ते म्हणूनच. मधल्याच एका आरपीएमला थरथर जास्त का वाटते, याचं कारण वेगळं आहे: फाउंडेशनवर टांगलेल्या इंजिनाची स्वतःची एक डोलण्याची गती असते आणि धक्क्यांची गती तिच्याशी जुळली की थरथर फुगते. रबर कडक किंवा नरम केलं की ती जागा वर-खाली सरकते, धक्का तसाच राहतो. त्यामुळे फाउंडेशन बदलल्यावर थरथर सरकली, पण गेली नाही, तर दोष फिरणाऱ्या किंवा वर-खाली होणाऱ्या वजनात आहे असं धरून चाला.

इंजिन उतरवायच्या आधी

इंजिन खाली घेणं हा दोन दिवसांचा खेळ आहे, म्हणून आधी बाहेरची कारणं काढून टाका. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रेस धरून थरथर येते तिथे आणा. उभ्या गाडीत ती येतच नसेल आणि फक्त रस्त्यावर येत असेल, तर प्रोपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट, चाकं बघा. इंजिनाला हात लावू नका.

उभ्या गाडीत येते? मग त्याच आरपीएमला क्लच दाबा. क्लच दाबल्यावर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबतात, पण फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट फिरतच राहतात. दाबल्यावर थरथर गेली, तर क्लच प्लेट, पायलट बेअरिंग किंवा इनपुट शाफ्ट. राहिली, तर फ्लायव्हीलपासून पुढच्या पुलीपर्यंतचं काहीतरी.

इंजिन थंड असताना बेल्ट काढून जेमतेम अर्धा मिनिट रेस देऊन बघा. त्याहून जास्त नको, कारण बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो. बेल्ट नसताना थरथर गेली, तर फॅनचं तुटलेलं पातं, अल्टरनेटरची पुली किंवा पंपाचं बेअरिंग. फॅनचं पातं एका जागी तुटलेलं असतं आणि रेडिएटरच्या जाळीआड ते दिसत नाही, तिथे टॉर्च मारून बघा.

मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही का याची, खात्री करा. पेट्रोल गाडीत एकेक कॉइलचं किंवा इंजेक्टरचं कनेक्शन काढून आरपीएम प्रत्येक वेळी सारखेच पडतात का ते बघा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये इंजेक्टर पाइपचा नट थोडा सैल करून हीच तपासणी होते, चष्मा घालून आणि हात फवाऱ्यासमोर न आणता. कॉमन रेल इंजिनात हा नट चालू इंजिनावर कधीही सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या वरही जातो, बारीक धार कातडी भेदून आत जाते. अशा गाडीला स्कॅनर लावा.

आता फोन. कंपनाची फ्रिक्वेन्सी दाखवणारी ॲप मोफत मिळतात. सेकंदाला किमान २०० नोंदी घेणारं ॲप निवडा, कारण १०० नोंदींच्या ॲपवर ५० हर्ट्झच्या वरचं सगळं खोटं दिसतं. फोन सीटच्या पट्टीवर दोरीनं घट्ट बांधा, हातात धरू नका. २,४०० आरपीएम धरा. २,४०० म्हणजे सेकंदाला ४० फेरे. आलेखातला सर्वात उंच सुळका ४० हर्ट्झला असेल, तर क्रँकच्या दर फेऱ्याला एक धक्का बसतोय, म्हणजे वजनाचा दोष. २० हर्ट्झला असेल, तर दर दोन फेऱ्यांना एक धक्का, म्हणजे एक सिलिंडर नीट काम करत नाही. कम्प्रेशन, इंजेक्टर, व्हॉल्व्ह बघा, वजनकाट्याची गरज नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ८० हर्ट्झला सुळका असणारच, तो फायरिंगचा आणि रचनेतला आहे. कुठल्याही चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात पिस्टन वरच्या अर्ध्या फेऱ्यात आणि खालच्या अर्ध्या फेऱ्यात सारख्या वेगानं धावत नाहीत, त्यातून दर फेऱ्याला दोन धक्के उरतात. पिस्टन कितीही काटेकोर जुळवले तरी ते जात नाहीत. ते झेलणं हे फाउंडेशनचं काम.

काही इंजिनांत यासाठी दुप्पट वेगानं फिरणारे बॅलन्स शाफ्ट असतात. मित्सुबिशीच्या ४डी५६ या पजेरोच्या इंजिनात त्यांना सायलेंट शाफ्ट म्हणतात. टायमिंग बेल्ट बदलताना शाफ्ट चुकीच्या जागी बसला, तर ८० हर्ट्झचा सुळका प्रचंड वाढतो. मार्क जुळलेले दिसत असूनही एखादा शाफ्ट १८० अंशांनी फिरलेला असू शकतो, म्हणून ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून आत स्क्रूड्रायव्हर पूर्ण जातो का हे बघायचं असतं. बेल्ट बदलल्यानंतरच थरथर सुरू झाली असेल, तर सगळ्यात आधी इथे.

तीन सिलिंडरच्या इंजिनांबद्दल, म्हणजे मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसीबद्दल, एक गोष्ट समजून घ्या. तिथे तिन्ही वजनं सारखी असली की वर-खालचे धक्के एकमेकांना खोडतात, पण पुढचं टोक वर जाताना मागचं खाली जावं असा डुलण्याचा जोर उरतो. नवीन गाडीतही तो होता. वजन जुळवून तो नाहीसा होणार नाही, नवा होता तितका मात्र परत आणता येतो.

गिअरबॉक्स उतरवून करायची एक चाचणी

एका फेऱ्याला एक धक्का पक्का झाला, तरी इंजिन लगेच उघडू नका. गिअरबॉक्स उतरवा, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर पंचनं समोरासमोर खूण करा, प्रेशर प्लेट काढून पुढच्या डॉवेलवर, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंटीवर, बसवा (तीन डॉवेल असतील तर १२० अंश, दोन असतील तर १८०) आणि परत जोडा. थरथर बरीच वाढली किंवा कमी झाली, तर दोष प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील या जोडीत आहे. फ्लायव्हीलच्या कडेला, मध्यापासून १०० मिमीवर, फक्त १० ग्रॅम जास्त असले तरी ३,०००ला दहा किलोचा ओढा बसतो, क्रँकपिनवरच्या त्याच वजनाच्या दुपटीनं. क्लच नवा टाकला आणि थरथर सुरू झाली, अशा बऱ्याच गाड्या या चाचणीतच सुटतात. डॉवेल हरवलेले, प्रेशर प्लेट नुसत्या बोल्टवर अर्धा मिलिमीटर सरकून बसलेली, हेही इथेच दिसतं.

पुढच्या डॅम्पर पुलीवर मधल्या हबपासून बाहेरच्या रिंगपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली, तर रबर सुटलंय, रिंग घसरतेय. उन्हात आणि ऑइलमध्ये हे रबर खराब होतं. पुली बदलणं हाच उपाय, चिकटवणं नाही.

फरक पडला नाही, तर आता इंजिन उघडा.

काटा आणि जागा

०.१ ग्रॅम दाखवणारा आणि किमान २ किलो पेलणारा काटा लागतो. किराण्याचा ५ ग्रॅमचा काटा निरुपयोगी आहे. जळगावात सराफांना काटे विकणारी दुकानं आहेत, तिथे हा सहज मिळतो, आणि सोबत १ किलोचं प्रमाणित वजनही घ्या. बॅटरीवर चालणारा घ्या.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी एक वाजता वजन करू नका. तापलेल्या शेडमध्ये काट्याचं शून्य दर दहा मिनिटांनी सरकतं, आणि कूलर किंवा छताचा पंखा चालू असेल तर ९८२.४ चं ९८१.७ होऊन परत ९८२.९ होतं. पंखा, कूलर बंद. सकाळी काम करा, काटा पक्क्या फरशीवर ठेवा, पंधरा मिनिटं आधी चालू करून ठेवा. प्रत्येक भागानंतर शून्य आणि दर चार भागांनंतर १ किलोचं वजन तपासा.

भाग कोरडे हवेत. ऑइलच्या पातळ थराचंच अर्धा-एक ग्रॅम होतं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन त्याहून जास्त भरतो, तोही प्रत्येक सिलिंडरवर वेगवेगळा. लाकडी पट्टीनं कार्बन काढा, रिंगच्या खाचा साफ करा, डिझेलमध्ये धुऊन मग पेट्रोलनं पुसा, हवा मारा.

पिस्टन, पिन, रिंगा

पिस्टन, गजन पिन, सर्किलप (पिन अडवणारी कडी) आणि रिंगांचा संच, सगळ्यांचं वजन वेगवेगळं करून वहीत लिहा. पेटीवर "मॅच्ड सेट" लिहिलेलं असलं तरी करा. लगेच ग्राइंडर उचलू नका. आधी अदलाबदल करा: जड पिस्टनला हलकी पिन, हलक्या पिस्टनला जड पिन. चार पिस्टन आणि चार पिनांच्या जोड्या फिरवून बऱ्याचदा फरक ४ ग्रॅमवरून दीड ग्रॅमवर येतो आणि कुठेही लोखंड घासावं लागत नाही. मात्र बोअर त्या-त्या नव्या पिस्टनच्या मापाला होन केला असेल, तर पिस्टन त्याच सिलिंडरचा ठेवा आणि फक्त पिना फिरवा. पिन पिस्टनमध्ये आणि रॉडच्या बुशमध्ये पूर्वीसारखीच अंगठ्यानं सरकली पाहिजे.

ओव्हरसाइझबद्दल: सगळे पिस्टन ०.५० (मिमी मोठे) असतील तर सगळ्यांचं वजन सारखंच वाढतं, बिघडत नाही. तीन स्टँडर्ड आणि एक ०.५० असं मात्र करू नका. वजनासाठीही नाही आणि कम्प्रेशनसाठीही नाही. एका लाइनरला खोल ओरखडा असेल, तर तोच लाइनर बदला किंवा सगळे बोअर करा.

उरलेला फरक काढायचा, तर सर्वात हलक्याच्या बरोबरीला बाकीच्यांना आणायचं. अॅल्युमिनियमचे ३ ग्रॅम म्हणजे जेमतेम १.१ घन सेंटीमीटर. बहुतेक पिस्टनमध्ये पिनच्या खाली, आतल्या बाजूला, वजन जुळवण्यासाठीच सोडलेली जाड पट्टी असते. घासायचं ते तिथेच. पिस्टनच्या डोक्याची आतली बाजू, रिंगच्या खाचांमागची जागा, स्कर्टची भिंत, पिनच्या भोकाभोवतीचा गोल भाग यांना हात लावायचा नाही. कार्बाइड बर रॉकेलमध्ये बुडवून वापरा, नाहीतर अॅल्युमिनियम दात्यांत भरतं आणि बर उडी मारतो. एका जागी १ मिमीपेक्षा खोल जायचं नाही, कडा गोल करायच्या. दर ०.५ ग्रॅमनंतर वजन करा. पिस्टन, पिन, सर्किलप आणि रिंगा मिळून १ ग्रॅमच्या आत आणा. घरच्या कामाला एवढं पुरे.

कॉन रॉड, सगळ्यात महत्त्वाचा भाग

रॉडचं एकूण वजन सारखं असणं पुरेसं नाही. मोठं टोक क्रँकसोबत फिरतं, छोटं टोक पिस्टनसोबत वर-खाली होतं. एका रॉडचं मोठं टोक जड आणि दुसऱ्याचं छोटं टोक जड असेल, तर एकूण वजन बरोबर येऊनही थरथर राहते. दोन्ही टोकं वेगळी तोलावी लागतात, आणि नेमकं हेच गॅरेजमध्ये होत नाही.

जिग घरी बनतो. १८ मिमी प्लायवूडचा दीड फुटाचा तुकडा, एका टोकाला लोखंडी खांब, त्यावर आडव्या सळईवर बसवलेलं छोटं बॉल बेअरिंग. छोट्या टोकाचं भोक त्या बेअरिंगवर टांगायचं. मोठ्या टोकाखाली काट्यावर दुसरं बॉल बेअरिंग बसवलेला छोटा स्टँड. दोन्ही भोकांच्या मध्यांना जोडणारी रेघ पाणसळीनं आडवी हवी, काट्याची उंची पत्र्याचे तुकडे घालून जुळवा. नंतर सगळ्या रॉडना तीच उंची, तोच जिग. बेअरिंगमध्ये ग्रीस असेल तर धुऊन काढा, फक्त एक थेंब पातळ तेल. ग्रीसचा चिकटपणा एक-दीड ग्रॅम खातो.

रॉड ठेवा, बोटानं हळूच टिचकी मारा, स्थिर झाल्यावर वाचा. उचला, परत ठेवा, पाच वेळा वाचा. पाचही आकडे ०.३ ग्रॅमच्या आत असतील तर जिग चांगला. मग रॉड उलटा करून छोटं टोक मोजा. दोन्ही टोकांची बेरीज रॉडच्या एकूण वजनाशी जुळली पाहिजे. नाही जुळली, तर रॉड कुठेतरी अडतोय.

समजा चार रॉडचे आकडे असे आले. पहिला: मोठं टोक ७०४.२, छोटं २७८.२, एकूण ९८२.४. दुसरा: ७०५.०, २८०.१, एकूण ९८५.१. तिसरा: ७०२.८, २७६.८, एकूण ९७९.६. चौथा: ७११.९, २७८.४, एकूण ९९०.३. चौथा लॉट वेगळा, हे लगेच दिसतं: छोटं टोक बाकीच्यांसारखंच, मोठं टोक तिसऱ्यापेक्षा ९.१ ग्रॅमनं जड. सगळ्यात हलका तिसरा, तो आधार. मोठ्या टोकातून पहिल्याचे १.४, दुसऱ्याचे २.२, चौथ्याचे ९.१ ग्रॅम काढायचे. छोट्या टोकातून पहिल्याचे १.४, दुसऱ्याचे ३.३, चौथ्याचे १.६.

९.१ ग्रॅम स्टील म्हणजे सुमारे १.२ घन सेंटीमीटर. कॅपच्या तळाशी वजनासाठी ठेवलेला ठोकळा असेल तर तिथून हे निघेल. ठोकळा नसेल, तर हा रॉड घासत बसू नका, दुसरा शोधा. कॅप पातळ झाली की ती जोरात फाकते आणि बेअरिंग फिरतं. बेअरिंग फिरणं हे थरथरीपेक्षा कितीतरी वाईट.

घासण्याची दिशा नेहमी रॉडच्या लांबीनं. आडवे ओरखडे म्हणजे तडा जाण्याची सुरुवात. ग्राइंडरनंतर १२० आणि मग २४० नंबरच्या एमरीनं लांबीच्या दिशेनं चकचकीत करा. मोठ्या टोकात कॅपचा ठोकळा, छोट्या टोकात वरचा फुगवटा, आणि गरज पडल्यास फोर्जिंगची बाजूची उंच रेघ, एवढ्याच जागा. बोल्टची बैठक, नटाची बैठक, मधला आय आकाराचा दांडा, ऑइलचं भोक यांच्या आसपासही जाऊ नका. मोठं टोक आधी पूर्ण करा, मग छोटं, मग मोठं पुन्हा तपासा. दोन्ही टोकं १ ग्रॅमच्या आत.

कॅपची अदलाबदल कधीही नाही, बाजू उलटी बसवणं नाही. खोलण्याआधी रॉड आणि कॅप दोन्हीवर एकाच बाजूला आकडे मारा, पण कॅपच्या तळावर नाही. वाकलेला रॉड वजनानं सापडत नाही, तो रॉड अलाइनरवर (रॉडचा सरळपणा तपासणाऱ्या साधनावर) बघून घ्या. नंतर बोल्ट नवे.

क्रँक, फ्लायव्हील आणि मशीनचं काम

क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून मधल्या जर्नलवर (क्रँक बेअरिंगमध्ये फिरतो त्या गोल भागावर) डायल गेज लावा. हळू फिरवल्यावर सुई ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलली, तर क्रँक वाकलेला आहे, आणि वाकलेला क्रँक बॅलन्स करण्यात अर्थ नाही. सगळ्या क्रँकपिना सारख्याच ०.२५ किंवा ०.५० ग्राइंड केल्या असतील, तर तोल फारसा हलत नाही, कारण प्रत्येक पिनवरून सारखंच धातू गेलं. वेल्डिंग भरून परत ग्राइंड केलेल्या क्रँकचं मात्र तसं नाही, तो डायनॅमिक बॅलन्स केल्याशिवाय बसवू नका.

घरी सळयांवर क्रँक ठेवून बघणं क्रँकसाठी पुरेसं नाही. पुढचं टोक एका बाजूला जड आणि मागचं नेमकं विरुद्ध बाजूला तितकंच जड असेल, तर सळईवर क्रँक कुठेही न लोळता शांत उभा राहतो, आणि फिरवल्यावर थरथरतो. हा दोष फिरत्या मशीनवरच दिसतो. जिनिंगचे ब्लोअर आणि मोटरचे रोटर बॅलन्स करणारी वर्कशॉप जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत शोधा. जर्नलवर चालणारे रोलर त्यांच्याकडे आहेत का हे आधी विचारा. नसतील तर क्रँक तिथे देऊ नका.

जाताना क्रँक, पुली, चावी, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि सगळे मूळ बोल्ट सोबत न्या. क्रम असा सांगा: आधी एकटा क्रँक, मग पुली लावून, मग फ्लायव्हील, शेवटी प्रेशर प्लेट. दर पायरीला नवीन जोडलेल्या भागातूनच धातू काढायचा. सगळं एकत्र लावून एकदाच फ्लायव्हीलमध्ये भोकं पाडली, तर दोन वर्षांनी क्लच बदलताना तोल परत जातो. हे बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला केलं जातं, म्हणून ठामपणे सांगा आणि कागदावर लिहून द्या.

बॅलन्सिंगचा जी ६.३ हा दर्जा मागा. ४,००० आरपीएमला ९ किलोच्या फ्लायव्हीलसाठी तो साधारण १३५ ग्रॅम-मिमी येतो, म्हणजे १०० मिमीवर १.३५ ग्रॅम. २० किलोच्या क्रँकसाठी सुमारे ३०० ग्रॅम-मिमी, दोन टोकांत निम्मं-निम्मं. मशीनची छापील पावती घ्या, आधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही.

चार सिलिंडरचा सरळ क्रँक असा एकटा फिरवता येतो. तीन सिलिंडरचा एकटा फिरवून शून्य करायला सांगू नका. डुलण्याचा जोर कमी करण्यासाठी त्याच्या काउंटरवेटमध्ये, काही इंजिनांत पुली आणि फ्लायव्हीलमध्येही, कारखान्यानं मुद्दाम असमान वजन ठेवलेलं असू शकतं. त्याला क्रँकपिनांवर बॉब वेट (पिस्टन-रॉडऐवजी लावायची वजनं) लावून आणि मॅन्युअलच्या आकड्यानुसारच फिरवावं लागतं. ती सोय नसेल तर क्रँक आणि फ्लायव्हील जसेच्या तसे ठेवा, पिस्टन-रॉड जुळवा, प्रेशर प्लेट तपासा आणि तिथेच थांबा.

मशीन मिळत नसेल, तर चार सिलिंडरचं फ्लायव्हील घरी सळयांवर जुळवता येतं, कारण ते चपटं आहे. मध्यातून घट्ट बसणारी खरादलेली सळई, पाणसळीनं समतल केलेल्या दोन धारदार पट्ट्या. जड बाजू खाली येते. वरच्या बाजूला कडेला मुलांच्या खेळायची क्ले चिकटवत जा, कुठेही थांबेल तोपर्यंत. क्लेचं वजन करा. १२० मिमीवर ६ ग्रॅम लागली आणि भोक ११० मिमीवर पाडायचं असेल, तर ६.५ ग्रॅम काढायचे. बिडाच्या फ्लायव्हीलमध्ये १० मिमीचं ड्रिल दर १० मिमी खोलीला साधारण ५.६ ग्रॅम काढतं, म्हणजे साडेअकरा मिमी. एकाऐवजी शेजारी दोन उथळ भोकं चांगली. भोक क्लेच्या नेमकं समोर, जड बाजूला, इंजिनाकडच्या तोंडावर, कडेजवळ. क्लच घासते त्या तोंडावर किंवा बोल्टच्या भोकाजवळ कधीही नाही. बिडावर वेल्डिंग करून वजन वाढवायचं नाही, तिथे तडा जातो आणि फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग फोडून बाहेर येतं.

ड्रिल केलेल्या क्रँकची ऑइलची सगळी भोकं ब्रशनं आणि दाबाच्या हवेनं धुवा. मशीनवाल्यानं धुतलं असं सांगितलं तरी.

बांधल्यावर

इंजिन पूर्ण तापल्यावर १,०००, १,५००, २,०००, २,४०० आणि ३,०००ला प्रत्येकी दहा सेकंद धरून तोच फोन त्याच जागी बांधून आकडे घ्या आणि उघडण्याआधीच्या आकड्यांशेजारी लिहा. नवीन रिंगा असताना ३,०००वर जास्त वेळ धरू नका. २,४००ला ४० हर्ट्झचा सुळका आधीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर काम झालं. निम्म्यावरच अडला, तर प्रेशर प्लेट पुन्हा एक डॉवेल फिरवून बघा. पिस्टन-रॉड जुळलेले असताना उरलेला दोष बहुधा तिथेच असतो.

पाचशे किलोमीटरनंतर थरथर हळूहळू परत येत असेल, तर वजन बदललेलं नसतं, काहीतरी सैल झालेलं असतं. फ्लायव्हीलचे बोल्ट, प्रेशर प्लेटचे बोल्ट, पुलीचा मधला बोल्ट, याच क्रमानं टॉर्क रेंचनं तपासा. फ्लायव्हीलचे बोल्ट जुनेच वापरले असतील, तर नवे टाका, थ्रेड लॉक लावा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला चौकडीच्या क्रमानं तीन टप्प्यांत आवळा. वजनांची वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढे एखादा पिस्टन किंवा रॉड बदलावा लागला, तर नवा भाग थेट त्या आकड्यावर आणता येतो आणि बाकीचे तीन उघडावे लागत नाहीत.